गाणं नसलेली तबकडी

माझा भाऊ क्लॅरिनेट वाजवायचा. हंगामात तो खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत मशीनवर काम करी आणि लग्नसराई लागली की तिथल्याच एका बँडपार्टीत लाल कोट घालून वरातीपुढे चाले. मी तेव्हा अमडापूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, नोकरीचं दुसरंच वर्ष. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असावीत. आई, बाबा आणि मी अमडापूरच्या घरात राहत होतो. भाऊ खामगावला खोली घेऊन. रविवारी एस.टी.नं यायचा, जेवायचा, आईशी गप्पा मारायचा आणि दुपारच्या गाडीनं परत जायचा. बाबांशी मात्र त्याचं फारसं बोलणं नव्हतं.

त्याला कारण होतं. बाबा तरुणपणी सनई वाजवायचे. हौस म्हणून नाही. गावात कुणाचंही लग्न असो, पोळ्याला कुणाचेही बैल निघोत, आमच्या घरच्यांनी वाजवायला जायचं असा रिवाजच होता. बोलावणं आलं की जेवणावरून उठून जावं लागे. आमच्या घरानं बुद्धाची दीक्षा घेतली त्याच महिन्यात बाबांनी सनई फडक्यात गुंडाळून ठेवून दिली आणि आता या घरातलं वाजवणं संपलं म्हणून सांगितलं. आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांचाच मुलगा लाल कोट घालून वरातीत शिरला. बँड हा धंदा आहे, त्यात कुणाची सक्ती नाही, नको वाटलं तर सुपारी घ्यायची नाही, हे भावानं त्यांना पुष्कळ समजावलं. बाबा ऐकून घेत आणि उठून बाहेर जात.

एका रविवारी भाऊ एक लाकडी खोकं घेऊन आला. आत जिनातला टाकाऊ कापूस भरला होता आणि कापसात काळ्या तबकड्या.

‘‘कोनाच्या हायेत रे?’’ आईनं विचारलं.

‘‘माह्या,’’ तो म्हणाला. ‘‘म्हनजे आमच्या तिघाइच्या.’’

तिघं म्हणजे तो, बँडमधला ढोलकीवाला आणि हार्मोनियम वाजवणारा एक शिंपी. पावसाळ्यात जिनही बंद असतं आणि लग्नंही नसतात. तेव्हा ते तिघं मुंबईला जाऊन आले होते. शिंप्याचा मेहुणा तिथं एका लहानशा कंपनीत होता. कुणीही यावं, वाजवावं, आणि ते तबकडीवर उतरवून न्यावं, अशी ती कंपनी. वाजवायला बसल्यावर तिथल्या माणसानं म्हणे दोनदा विचारलं, गाणारा कधी येणार? गाणारा नाहीच म्हटल्यावर तो चहा प्यायला निघून गेला.

‘‘मंग काय वाजवलं तुमी?’’ मी विचारलं.

भावानं कापसातून एक तबकडी वर काढली. मग म्हणाला, ‘‘जिनात दिवसभर उभं राह्यलं ना, का एक आवाज कानात बसते. घरी आलो, जेवलो, निजलो, तरी जात नाही. पट्ट्याचा आवाज, सरकी काढनाऱ्या रेच्याचा आवाज. मंग म्हनलं, याले हाकलून काढू नाही, याच्यासंगंच वाजवून पाहू.’’

आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता. त्यामुळे तबकडी मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या हेडमास्तरांच्या घरी. पण त्याआधी भावानं मला एक काम सांगितलं. लोक ही ऐकत असताना आपण समोर बसलो तर ते खरं बोलणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. खामगावात त्याला बँडवाला म्हणून सगळे ओळखतात. म्हणून त्यानं अमडापूर निवडलं आणि मला निवडलं.

‘‘तू ऐकव लोकाइले. कोन काय म्हनते ते तुह्या वहीत लिहून ठेव. जसं म्हनलं तसं. तुह्या मनचं घालू नको.’’

मी हो म्हटलं. मला त्यात मोठेपणाच वाटला.

हेडमास्तर देशावरचे, स्वभावानं अतिशय सज्जन. त्यांनी फोनोवरचं झाकण काढलं, स्वतः चावी भरली, नवी सुई लावली. त्यांच्या पत्नी पोळ्या लाटायच्या थांबवून दारात येऊन बसल्या. तबकडी फिरू लागली. आधी नुसतीच खडखड ऐकू आली. ढोलकीवाला ढोलकी नव्हे, तेलाचे रिकामे डबे आणि लोखंडी नळी वाजवत होता. ठेक्याचे तेच चार ठोके, पुन्हा तेच, पुन्हा तेच. खाली हार्मोनियमचा एकच सूर धरून ठेवलेला. बऱ्याच वेळानं माझ्या भावाची क्लॅरिनेट आली, पण चाल घेऊन नव्हे. दोन सूर, थांबणं, पुन्हा तेच दोन सूर थोडे तिरपे. आणि मध्येच सगळं बंद.

हेडमास्तरांनी सुई उचलली.

‘‘सर, अजून आहे,’’ मी म्हणाले. मला तरी कुठं ठाऊक होतं! भावानं सांगितलं होतं म्हणून म्हणाले.

त्यांनी पुन्हा सुई ठेवली. ती शांतता खरंच फार लांब होती. नुसती सुईची खरखर. मग एकदम सगळं परत सुरू झालं तशा त्यांच्या पत्नी दचकल्या आणि हसू लागल्या. उलट्या बाजूला दोन क्लॅरिनेट होत्या. त्यानंच दोनदा वाजवून एकीवर एक बसवलेल्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा जाणूनबुजून किंचित खाली. दोन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या माणसांना हाका मारतायत असं ते वाटत होतं.

‘‘बाई,’’ हेडमास्तर शेवटी म्हणाले, ‘‘तुमच्या बंधूंचा हात चांगला आहे. पण ही तबकडी खराब निघाली असावी. कंपनीला कळवून पाहा.’’

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘मला तर बाई डोकं दुखल्यासारखं झालं.’’ मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाल्या, ‘‘सवय नाही ना आपल्याला.’’

मी घरी आले आणि वही उघडली. पेन हातात धरून बराच वेळ बसले. आणि लिहिलं: हेडमास्तर म्हणाले, हात चांगला आहे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, असं ऐकायची आपल्याला सवय नाही. दोन्ही वाक्यं खरीच होती. बाकीची लिहिली नाहीत एवढंच.

पण खरी परीक्षा बाजाराच्या दिवशी झाली. बाजारातल्या एका हॉटेलवाल्याकडे फोनो आणि बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर होता. भोंगा समोरच्या लिंबाला बांधलेला. शाळा सुटल्यावर मी तबकडी नेऊन दिली. हॉटेलवाला भावाच्या ओळखीचा. ‘‘लावतो ना बाई, त्यात काय,’’ म्हणाला. सिनेमाचं एक गाणं संपलं आणि भावाची तबकडी सुरू झाली.

मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाशी उभी होते. आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. मग चहा पिणारी माणसं भोंग्याकडे बघू लागली. ‘‘काय बे, सुई अडकली का?’’ एकानं ओरडून विचारलं. दुसरा म्हणाला, ‘‘अडकली नाही, पिऊन आली.’’ बाकावरची सगळी माणसं हसली. एक म्हातारा मात्र डोळे मिटून बसला होता. मला त्याचा फार आधार वाटला. जवळ जाऊन पाहिलं तर झोपला होता.

तेवढ्यात डोक्यावर ज्वारीचं पोतडं घेतलेला एक माणूस गर्दीतून घाईघाईनं आला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, ‘‘चक्की कोन्या बाजूनं हाय बा? आवाज तं इकडूनच येऊन राह्यला.’’

मग जे हसणं झालं ते मला आजही ऐकू येतं. हॉटेलवाला हसता हसता बाकावर बसला. तो बिचारा पोतडं डोक्यावर घेऊन सगळ्यांकडे बघत राहिला. आणि नेमकं तेव्हाच तबकडीतली शांतता आली. कुणीतरी ओरडलं, ‘‘घे, पट्टा तुटला!’’ हॉटेलवाल्यानं सुई उचलून तबकडी माझ्या हातात दिली. ‘‘बाई, राग मानू नका. गिऱ्हाईक उठून जाईल माह्यं.’’

त्या रविवारी भाऊ आला तेव्हा चप्पल काढायच्या आधीच त्यानं विचारलं, ‘‘काय म्हनले लोक?’’

त्याचा चेहरा मी पाहिला. आठवडाभर जिनात उभं राहून डोळे लाल झालेले, केसांत कापसाचे तंतू. मी वही उघडलीच नाही.

‘‘चांगलं ऐकलं लोकाइनं,’’ मी म्हटलं. ‘‘गप्प बसून ऐकलं. एक म्हातारा तर डोळे मिटून ऐकत होता.’’

‘‘डोळे मिटून?’’

‘‘हाव.’’

‘‘आन मधातली शांतता आली तेव्हा?’’

‘‘कोनी काही बोललं नाही.’’

तो काही वेळ चुलीजवळ आईच्या शेजारी जाऊन बसला. आनंदानं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आईला म्हणाला, ‘‘माय, दुसरी करतो मी आता.’’ आईनं मला डोळ्यांनीच विचारलं आणि मी मान फिरवली.

खोटं एकदा बोललं की त्याला दर रविवारी खाऊ घालावं लागतं. पुढचे तीन रविवार मी नवी नवी माणसं तयार केली. एक गवंडी, ज्याला डब्यांचा ठेका आवडला. एक बाई, जिला रडू आलं. त्या बाईचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी तिला नऊवारी नेसवलं होतं, कडेवर मूल दिलं होतं, अगदी खरी बाई. भाऊ तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारायचा. कुठल्या बाजूला रडली? पहिल्या का दुसऱ्या? मी म्हटलं, दुसऱ्या. ‘‘मले वाटलंच होतं,’’ तो म्हणाला.

मग एक दिवस, वार बुधवार होता का गुरुवार आता आठवत नाही, मी वर्गात पाढे म्हणून घेत होते आणि भाऊ शाळेच्या दारात उभा. जिनातली पाळी टाकून आला होता. मी बाहेर गेले.

‘‘पोतड्यावाला कोन होता?’’ त्यानं विचारलं.

झालं असं होतं की त्यानं बँडमास्तरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, अमडापूरला लोक डोळे मिटून ऐकतात. बँडमधला कर्णा वाजवणारा त्याच बाजाराच्या दिवशी अमडापूरला होता. त्यानं सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली. सुई पिऊन आली इथपासून पट्टा तुटला इथपर्यंत.

‘‘तू काऊन खोटं सांगतलं मले?’’

‘‘तुले वाईट वाटलं असतं.’’

‘‘वाटू द्याचं होतं ना मंग!’’ तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी वर्गातली मुलं खिडकीशी आली. ‘‘माह्यी वस्तू हाय, वाईट मले वाटू दे, नाही तं चांगलं वाटू दे. तू मधातच वाटून मोकळी झाली. मी एक महिना त्या रडनाऱ्या बाईसाठी नवीन काही बसवून राह्यलो. ती बाई तं हायच नाही?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. आणि मलाच रडू आलं.

तो निघून गेला नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसला. वर्गाला सुटी द्यायला अजून वेळ होता. मी मुलांना शुद्धलेखन लिहायला दिलं आणि परत आले तर तो तिथंच. ‘‘सांग आता,’’ तो म्हणाला. ‘‘सुरुवातीपासून. काहीच सोडू नको.’’

मी सांगितलं. हेडमास्तरांनी सुई उचलली ते, डोकं दुखलं ते, झोपलेला म्हातारा, सगळं. तो खाली बघून ऐकत होता. ज्वारीचं पोतडं आलं तेव्हा त्यानं मान वर केली.

‘‘थांब. तो मानूस आला तेव्हा वाजत काय होतं? क्लॅरिनेट होती का नुसते डबे?’’

‘‘डबे. आन पेटीचा सूर.’’

‘‘तो मस्करी करत होता का?’’

‘‘नाही रे. त्याले खरंच वाटलं चक्की हाय. तो ज्वारी घेऊन आला होता.’’

भाऊ माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. ‘‘म्हनजे त्याले मशीन ऐकू आली,’’ तो म्हणाला. ‘‘अवं, तेच तं वाजवलं होतं मी! साऱ्या बाजारात त्या एकट्यालेच बरोब्बर ऐकू आलं. आन तू तोच मानूस लपवून ठेवला?’’

मी त्याच्यासाठी इतकी माणसं कष्टानं तयार केली होती, आणि त्याला हवा असलेला एकच माणूस खरा निघाला होता.

त्याच रविवारी हेडमास्तरांनी आपण होऊन फोनो आमच्याकडे आणून दिला. शाळेच्या पायरीवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. ‘‘त्या दिवशी मी घाई केली, बाई. घरी निवांत ऐका, चार दिवस ठेवा,’’ एवढंच म्हणाले. तबकडी खराब नाही हे त्यांना आता कळलं होतं, पण आवडली असं ते काही म्हणाले नाहीत. मला तेही बरं वाटलं.

दुपारची वेळ. बाबा अंगणात अंबाडीची दोरी वळत बसले होते. भावानं फोनो ओसरीवर ठेवला. बाबा उठून जातील असंच आम्हाला वाटलं. तबकडी सुरू झाली, बाबांचे हात चालूच राहिले. डबे, नळी, पेटीचा सूर. क्लॅरिनेट आली तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं. मग ती शांतता आली आणि त्यांचे हात थांबले. परत वाजायला लागलं तरी ते हात तसेच थांबलेले.

बाजू संपली. बाबांनी विचारलं, ‘‘हे कोनाच्या घरचं?’’

‘‘कोनाच्याच घरचं नाही, बाबा.’’

‘‘लग्न नाही? देव नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग मधात थांबले काऊन? कोनी थांब म्हनलं का?’’

‘‘नाही. मले वाटलं थांबावं, म्हनून थांबलो.’’

बाबांनी दोरी मांडीवर ठेवली. ते तसं कमी बोलायचे, आणि वाजवण्याबद्दल तर मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं. ‘‘आमाले आपल्या मनानं थांबता येत नोतं,’’ ते म्हणाले. ‘‘पाटलाच्या दारापुढं वरात आली का जोरानं वाजवा. देवळापुढं आली का बंद करा. ओठ फुटले तरी वाजवा, आन गळ्यात चाल आली तरी बंद. कवा वाजवाचं आन कवा थांबाचं, ते दुसऱ्याच्या हाती.’’ मग त्यांनी फोनोकडे पाहिलं. ‘‘मनानं थांबला तू. बराच वेळ थांबला.’’

‘‘हाव, बाबा.’’

‘‘पुन्हा लाव.’’

भावानं चावी भरली. बाबांनी ती बाजू त्या दुपारी तीनदा ऐकली. आवडली का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि भावानं विचारलं नाही. दुसरी बाजू त्यांना अजिबात पटली नाही. ‘‘खालची क्लॅरिनेट सुरात नाही,’’ म्हणाले. ‘‘मुद्दाम केलं,’’ भाऊ म्हणाला. ‘‘मुद्दाम कर, का चुकून कर, सुरात नाही ते नाही,’’ बाबा म्हणाले. त्यावरून दोघांचा चांगला तासभर वाद झाला. इतकी वर्षं न बोललेली माणसं एका सुरावरून भांडत होती. आई मध्येच येऊन म्हणाली, ‘‘जेवून घ्या, मंग भांडा,’’ आणि दोघंही हो म्हणून तसेच बसून राहिले. त्या दिवशी भावाची दुपारची गाडी चुकली.

तबकड्या खामगावातल्या एका दुकानातही ठेवल्या होत्या. सहा-सात गेल्या असतील, त्यातल्या बऱ्याचशा ओळखीच्यांनीच नेल्या. नंतरच्या महिन्यात डोणगावहून भावाच्या नावावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर अगदी कोरून काढल्यासारखं. लिहिणारा तिथल्या धान्याच्या अडतीवरचा दिवाणजी होता. त्यानं लिहिलं होतं: ‘आपली तबकडी खामगावी घेतली. ऐकता असे आढळले की हिच्यात गाणे भरावयाचे राहून गेले आहे. मागची तयारी सर्व झालेली आहे. तरी गाण्यासह तबकडी बदलून मिळावी, ही विनंती.’

भावानं ते कार्ड मला वाचून दाखवलं, आईला दाखवलं, खामगावात शिंप्याला आणि ढोलकीवाल्याला दाखवलं. आणि मग बसून त्या माणसाला चार पानांचं पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. जिनाबद्दल लिहिलं, एवढंच तो म्हणाला.

महिनाभर उत्तर नाही. भाऊ म्हणाला, चिडला असेल. मग दुसरं कार्ड आलं. ‘आपले पत्र वाचून तबकडी पुन्हा लावली. अडतीवर ज्वारीची पोती उतरताना जो आवाज होतो तो मला बावीस वर्षे ऐकू येत आहे, असे लक्षात आले. बदलून नको. भेटावयास येऊ का?’

भाऊ पुढं तसा मोठा झाला नाही. दुसरी तबकडी त्यानं केली नाही. करतो करतो म्हणत राहिला, मग लग्न झालं, मुलं झाली, जिनात तो फिटर झाला. मी ‘काऊन नाही केली?’ विचारलं की म्हणायचा, अजून आवाज जमला नाही. बँड मात्र त्यानं बाबा असताना सोडला नाही आणि ते गेल्यावरही नाही.

पण त्या दुसऱ्या कार्डानंतर दिवाणजी आले. तेही रविवारी, मेहकरकडून येणाऱ्या गाडीनं. पन्नाशीचे, धोतर-टोपी, हातात कापडी पिशवी. आमच्या घरी पाणी प्यायला त्यांनी क्षणभरही मागंपुढं पाहिलं नाही, हे आईनं लक्षात ठेवलं. ते आणि भाऊ ओसरीवर बसले. बाबाही येऊन कडेला बसले. मी आत पीठ मळत होते. बराच वेळ बाहेरून काही ऐकू येईना, तशी आई म्हणाली, ‘‘जाय व, पाहून ये. काय बोलून राह्यले ते?’’

मी दारातून पाहिलं. तिघं माणसं रस्त्याकडे तोंड करून बसली होती. समोरून एक बैलगाडी चालली होती आणि तिच्या चाकाचा आवाज येत होता. दिवाणजींनी बोट वर करून भावाला ‘थांबा’ अशी खूण केली होती.

‘‘काही बोलत नाहीत,’’ मी आत येऊन आईला सांगितलं.

‘‘मंग जेवूनच जातील,’’ आई म्हणाली, आणि तिनं परातीत आणखी दोन मुठी पीठ घातलं.